सुट्टीचे पंचेचाळीस दिवस कोणाच्या मालकीचे?

महाराष्ट्र दिनाच्या सुमारास निकाल लागतो, प्रगतीपुस्तक हातात पडते आणि पोरे मोकळी होतात. जूनच्या मध्यापर्यंत शाळेचे दार बंद. विदर्भात तर उन्हामुळे आणखी आठवडाभर उशीर. हिशेबाला सोपे जावे म्हणून पंचेचाळीस दिवस धरू. या पंचेचाळीस दिवसांत आमच्या वस्त्यांतील मुले काय करतात, याचा विचार चळवळीने कधी गांभीर्याने केला आहे काय?

चित्र सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखेच आहे. आई सकाळी सहाला धुण्याभांड्याच्या कामाला किंवा बांधकामावर जाते. बाप रिक्षावर, नाक्यावर नाहीतर कंपनीत कंत्राटावर. दुपारी पत्रा तापतो, बाहेर खेळायला मैदान उरलेले नाही आणि घरात एकच एक मोबाईल आहे. त्या मोबाईलभोवती तीन-चार डोकी जमतात. सकाळी सुरू झालेली रील रात्री चार्जिंग संपेपर्यंत चालते. आईला वाटते, पोर उन्हात भटकत नाही, वाईट संगतीला लागत नाही, डोळ्यासमोर बसले आहे. तिचे काय चुकले? मोबाईल हीच आज गरिबाच्या घरची बालवाडी झाली आहे. फुकटची सांभाळणारी बाई झाली आहे.

म्हणूनच आम्ही या प्रश्नावर आईबापांना संस्कारांचे डोस पाजणार नाही. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, आजोबा गोष्टी वाचून दाखवायला मोकळे आहेत, सुट्टीत शिबिराची पाच हजार रुपये फी भरण्याची ऐपत आहे, त्यांनी खुशाल संस्कारांवर व्याख्याने द्यावीत. आमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. तो समतेचा आहे. शाळा चालू असते तेव्हा कलेक्टरचा मुलगा आणि सफाई कामगाराची मुलगी यांना निदान एक फळा, एक पाठ्यपुस्तक आणि एक शिक्षक मिळतो, मग त्यांच्या शाळा कितीही वेगळ्या असोत. शाळा बंद झाली की एकाला घर शिकवते आणि दुसरीला कोणीच शिकवत नाही.

हे आम्ही भावनेच्या भरात लिहीत नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९८२ साली पहिलीत दाखल झालेल्या सुमारे आठशे मुलांचा समाजशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे मागोवा घेतला. शाळेच्या महिन्यांत गरीब आणि सुस्थितीतील मुलांची प्रगती जवळजवळ सारख्याच वेगाने होत होती. फरक पडत होता तो उन्हाळ्यात. सुस्थितीतील मुले सुट्टीतही पुढे सरकत होती, गरीब मुले होती तिथेच थांबत होती किंवा मागे येत होती. २००७ साली या अभ्यासकांनी मांडले की, नववीत पोहोचेपर्यंत वाचनात जी दरी दिसते, तिच्यापैकी जवळपास दोन तृतीयांश दरी प्राथमिक शाळेच्या उन्हाळ्यांत पडलेली असते. या आकड्यावर पुढे वाद झाले. मोजण्याची पद्धत बदलली की दरीचा आकारही बदलतो, असे दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले. दरी दोन तृतीयांश असो की त्याहून कमी, एवढे तरी उघड आहे की ज्या घरात पुस्तक नाही, त्या घरातील मुलाला सुट्टीत पुस्तक आपोआप भेटत नाही.

त्याच देशातला दुसरा प्रयोग आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो आम्हाला करता येण्यासारखा आहे. फ्लोरिडा राज्यातील सतरा गरीब वस्त्यांच्या शाळांतील ८५२ मुलांना उन्हाळ्याच्या तोंडावर प्रत्येकी बारा पुस्तके फुकट देण्यात आली. असे लागोपाठ तीन उन्हाळे केले. शिकवणी नाही, परीक्षा नाही, प्रश्नपत्रिका नाही. अट एकच, पुस्तके मुलांनी स्वतः निवडायची. मुलांनी काय निवडले? गाजलेली गायिका, खेळाडू, पडद्यावरची पात्रे यांच्यावरची पुस्तके. गुरुजींनी नाक मुरडावे अशी! तरीही तीन उन्हाळ्यांनंतर या मुलांचे वाचन, पुस्तके न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे गेलेले दिसले. सर्वांत जास्त फायदा सर्वांत गरीब मुलांना झाला. बारा पुस्तके! आमच्या एखाद्या कार्यक्रमातील हारतुऱ्यांच्या खर्चात किती मुलांची बारा-बारा पुस्तके बसतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता आपल्या घरचे पाहू. ‘असर’ या ग्रामीण भारतातील शिक्षणाच्या पाहणीचा २०२४ चा अहवाल सांगतो की, चौदा ते सोळा वयाच्या ८२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्यांतील ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासासाठी वापरला आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. हाच अहवाल सांगतो की, देशातील ग्रामीण सरकारी शाळांतील पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता येतो. २०२२ साली हे प्रमाण ३८.५ टक्के होते, म्हणजे सुधारणा आहे. पण निम्म्याहून अधिक मुले पाचवीत बसूनही दुसरीचे वाचू शकत नाहीत, याचा अर्थ काय? सरकारी शाळेत आज कोणाची मुले उरली आहेत, हे आम्ही वाचकांना सांगायची गरज नाही. बोट फिरवायला शिकलेली पिढी ओळ वाचायला शिकलेली नाही.

कोणी म्हणेल, मोबाईलला एवढे झोडपता कशाला? ज्या बातम्या प्रस्थापितांची वृत्तपत्रे दाबतात, त्या आम्हाला मोबाईलवरच कळतात. कोणत्याही गावात अत्याचार झाला तर तासाभरात राज्यभर निषेध उभा राहतो तो मोबाईलमुळेच. टाळेबंदीत शाळा बंद होत्या तेव्हा ज्याच्याकडे मोबाईल नव्हता तोच शिक्षणाबाहेर फेकला गेला. हे सर्व खरे आहे आणि आम्हाला मान्य आहे. मोबाईल फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. पण साधन आणि सापळा यांतला फरक ओळखला पाहिजे. रील संपत का नाही? कारण ती संपू नये अशीच तिची रचना आहे. पान संपले की वाचक थांबतो, विचार करतो, पुस्तक मिटतो. पडद्यावर पानाचा शेवटच काढून टाकला आहे. एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते. तुमचे पोर जितका वेळ थांबेल तितक्या जाहिराती दिसतील आणि तितका पैसा कंपनीला मिळेल. आमच्या पूर्वजांची वेठबिगारी दिसत तरी होती, आज आमच्या मुलांच्या वेळेची वेठ दिसतसुद्धा नाही. आयपॅड बाजारात आणणाऱ्या स्टीव्ह जॉब्स यांनी एका पत्रकाराला सांगितले होते की, त्यांच्या मुलांनी ते वापरलेले नाही आणि घरात मुलांच्या तंत्रज्ञानावर मर्यादा आहे. ज्यांनी ही दुकाने मांडली ते आपल्या मुलांना दुकानापासून दूर ठेवतात. गिऱ्हाईक म्हणून आमची मुले आहेतच!

वाचनाचा हक्क आम्हाला कोणी ताटात वाढून दिलेला नाही. अक्षर ऐकणेही ज्यांना निषिद्ध होते, त्या समाजात १८५५ साली मुक्ता साळवे नावाची सुमारे चौदा वर्षांची मातंग मुलगी महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून येतो. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेने हे घडविले. अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असे सांगतात, पण त्यांच्या ‘फकिरा’शिवाय मराठी कादंबरीचा इतिहास पुरा होत नाही. शाळा सुटली तरी वाचन सुटले नाही, म्हणूनच ते अण्णाभाऊ झाले.

आणि बाबासाहेबांचे काय? परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच झोपणे, तिथेच अभ्यास. सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपायला लावत, पहाटे दोनला उठवीत आणि मिणमिणत्या दिव्यापुढे बसवीत. मुलाने पुस्तक मागितले आणि जवळ पैसे नसले तर लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीकडून दागिना मागून आणत, तो गहाण टाकून पुस्तक आणत. ही गोष्ट आम्ही प्रत्येक जयंतीला ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. या गोष्टीचा पुढचा भाग मात्र भाषणांत फारसा येत नाही. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. घरात जागा नव्हती, बागेत होती. त्या बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी फिरायला येत. रोज वाचत बसलेला मुलगा त्यांनी पाहिला, चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्कार समारंभात गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून कॉलेजसाठी शिष्यवृत्तीची वाट मोकळी करून देण्यातही गुरुजींचा पुढाकार होता.

बुद्धिमत्ता बाबासाहेबांची होती, कष्ट त्यांचे होते, यात शंकाच नाही. पण या प्रसंगात आणखी तीन गोष्टी आहेत. बसायला एक जागा, हातात एक पुस्तक आणि ‘काय वाचतोस रे बाळा?’ असे विचारणारे एक मोठे माणूस. आज आमच्या वस्तीतील मुलाला यांपैकी काय मिळते? जागा नाही, पुस्तक नाही आणि विचारणारे मोठे माणूस स्वतःच मोबाईलमध्ये मान घालून बसलेले.

होय, हेही बोललेच पाहिजे. मुलांच्या आधी मोठ्यांचे वाचन सुटले आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांचे केवढे स्टॉल लागतात, किती खरेदी होते! पोटाला चिमटा घेऊन पुस्तके विकत घेणारा असा समाज दुसरा नाही, हा आमचा अभिमान आहे. पण घरी आणलेल्या पुस्तकांची किती पाने उलटली जातात? बाबासाहेबांच्या नावाने रोज सकाळी एक वाक्य समूहावर येते, आम्ही हात जोडल्याचे चिन्ह टाकतो आणि पुढे पाठवतो. ते कोणत्या ग्रंथातले, कोणत्या सालच्या भाषणातले, हे विचारणारे शंभरात पाच तरी आहेत काय? बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे इंग्रजी खंड महाराष्ट्र शासन १९७९ पासून प्रसिद्ध करीत आले आहे. छपाई रखडली तेव्हा २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. खंड मिळावेत म्हणून लढलेच पाहिजे. पण मिळालेला खंड कपाटात हार घालून ठेवायचा असेल, तर तो छापला काय आणि न छापला काय! ज्याने मूळ वाचलेले नाही त्याला कोणीही बाबासाहेबांच्या नावाने काहीही सांगू शकतो. चळवळीला याहून मोठा धोका कोणता?

मग करायचे काय? सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून या गावाने एक नियम सुरू केला. रोज संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की दीड तास घराघरांतला टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यासाला, वाचनाला बसायचे. साडेआठला दुसरा भोंगा. देशभरातून पत्रकार हे पाहायला गेले. आम्हाला या प्रयोगात महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, तिथे एकट्या मुलाच्या हातचा मोबाईल हिसकावून घेतला नाही. सगळ्या गावाने, आईबापांसकट, एकाच वेळी पडदा बंद केला. आई मालिका पाहत असताना पोराला ‘वाच’ म्हणणे हा अन्याय आहे. सगळे मिळून वाचतात तेव्हा मुलाला ती शिक्षा वाटत नाही.

आमच्याकडे भोंग्याहून मोठी वस्तू आहे. ती म्हणजे बुद्धविहार. गावोगावी, वस्त्यावस्त्यांत लोकवर्गणीतून विहारे उभी राहिली. फरशी आहे, पंखा आहे, पाण्याची सोय आहे. पण कित्येक विहारांना पौर्णिमा, जयंती आणि लग्नकार्य सोडले तर कुलूप असते. या उन्हाळ्यात ते कुलूप सकाळी आठ ते अकरा उघडावे, एवढीच आमची मागणी आहे. ज्या गावात विहार नाही तिथे समाजमंदिर, व्यायामशाळा, नाहीतर एखाद्या घराची ओसरी चालेल.

पुस्तके कुठून आणायची? शंभर पुस्तकांची एक पेटी करा. मुलांची चांगली मराठी पुस्तके आजही चाळीस-पन्नास रुपयांपासून मिळतात. सरासरी ऐंशी रुपये धरले तरी शंभर पुस्तकांना आठ हजार रुपये लागतात. जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर यापेक्षा कितीतरी अधिक पैसे उडतात. डीजे दुसऱ्या दिवशी निघून जातो, पेटी दहा वर्षे राहते. महिनाभराने ती पेटी शेजारच्या गावाला द्यायची आणि त्यांची आपण घ्यायची. यात नवीन काही नाही. सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानात शंभर वर्षांपूर्वी अशाच पेट्यांमधून फिरती ग्रंथालये खेडोपाडी जात होती. शिवाय महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे. त्याखाली अनुदान घेणारी हजारो वाचनालये राज्यात आहेत. आपल्या गावचे वाचनालय कोणत्या वर्गाचे आहे, मुलांसाठी तिथे किती पुस्तके आहेत, ते खरोखर उघडते की कागदावरच चालते, हे कार्यकर्त्यांनी जाऊन विचारावे. मुलांना रांगेने नेऊन सभासद करावे. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला पाच ते वीस हजार रुपयांची तरतूद आहे. ती पुस्तके सुट्टीत कपाटात बंद राहतात. ती नोंद करून विहारात द्यावीत, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे. त्याचे जुने अंक कित्येक घरांत माळ्यावर पडलेले असतील. ते खाली काढा.

काय वाचायचे ते मुलांना ठरवू द्या. ही सूचना आमच्या कार्यकर्त्यांना जड जाईल. चौथीतल्या पोराच्या हातात पहिल्याच दिवशी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ दिले तर ते पोर परत विहाराकडे फिरकणार नाही. त्याला भुतांच्या गोष्टी हव्या असतील, क्रिकेटपटूंची चरित्रे हवी असतील, चित्रे हवी असतील. घेऊ द्या. आधी डोळ्याला ओळीची सवय लागली पाहिजे. नववी-दहावीच्या मुलामुलींसमोर मात्र दया पवारांचे ‘बलुतं’, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, ऊर्मिलाताई पवार यांचे ‘आयदान’ अवश्य ठेवा. आपल्या आजीआजोबांनी काय भोगले, हे त्यांना पंचेचाळीस सेकंदांच्या चित्रफितीतून कळणार नाही.

मुलींचा विचार वेगळा करावा लागेल. सुट्टी लागली की मुलगा मोबाईल घेऊन बसतो आणि मुलगी धुणे, पाणी, धाकटे भावंड घेऊन बसते. तिला पडद्याचाही वेळ मिळत नाही, पुस्तकाचा कुठून मिळणार? म्हणून धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन विहारात यायची मुभा असली पाहिजे आणि सकाळी आठ ते अकरा मुलीला कामाला जुंपणार नाही, असे महिला मंडळाने घराघरांत जाऊन वदवून घेतले पाहिजे. पुस्तक घरी नेण्याची सोयही ठेवलीच पाहिजे. पुस्तक फाटेल, हरवेल म्हणून कुलपात ठेवू नका. फाटलेले पुस्तक हे वाचलेले पुस्तक असते.

वस्तीत बारावीची परीक्षा दिलेली, कॉलेजात जाणारी पोरेपोरी असतात. त्यांना विहाराची किल्ली द्या, थोडेफार मानधनही द्या. त्यांनी शिकवू नये, फक्त बसावे, अडलेला शब्द सांगावा, रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी. ज्यांना वाचता येत नाही अशा आज्या-काक्यांनाही ऐकायला बोलवा. नोकरीतून निवृत्त झालेल्या आमच्या बांधवांनी आठवड्यातून एक सकाळ द्यावी आणि मुलांना केळुसकर गुरुजींसारखे विचारावे, ‘काय वाचतोस? काय आवडले?’ तेवढ्याने मुलाचे आयुष्य बदलू शकते, याचा पुरावा आमच्याच इतिहासात आहे.

शेवटी हिशेब मांडू. आमचे मूल दिवसाला तीन तास पडद्यापुढे बसते असे धरले, तर सुट्टीत १३५ तास होतात. त्यांतला फक्त एक तास पुस्तकाला दिला, तर ४५ तास. तासाला वीस पाने म्हटली तर ९०० पाने, म्हणजे दोन-सव्वादोनशे पानांची चार पुस्तके. उरलेले दोन तास मोबाईलला राहिले तरी राहू द्या. एका उन्हाळ्यात चार, पाचवी ते दहावीच्या सहा उन्हाळ्यांत चोवीस पुस्तके. चोवीस पुस्तके वाचलेला मुलगा किंवा मुलगी दहावीचा पेपर वेगळ्या नजरेने वाचते, स्पर्धा परीक्षेचा उतारा वेगळ्या नजरेने वाचते, जमिनीचा सातबारा आणि पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब सही करण्याआधी स्वतः वाचते. वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्यावर या देशात काय काय लुटले गेले, ते आमच्याएवढे कोणाला माहीत आहे?

‘वाचाल तर वाचाल’ ही ओळ आमच्या कित्येक भिंतींवर रंगवलेली आहे. या उन्हाळ्यात त्या भिंतीखाली वीस मुले पुस्तक घेऊन बसलेली दिसली पाहिजेत. शाळा पुन्हा उघडेल त्या आठवड्यात प्रत्येक विहारात मुलांचा एक छोटा मेळावा घ्या. हार नको, सत्कार नको, पुढाऱ्यांची भाषणे तर मुळीच नकोत. प्रत्येक मुलाने उठून आपण काय वाचले ते दोन मिनिटे सांगावे आणि मोठ्यांनी मोबाईल बंद ठेवून ऐकावे.

जयभीम!